पार्किन्सनमध्ये डोपामाइनच्याच पेशी का मरतात?



डोपामाइन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा रील्समध्ये ऐकला असणार. "डोपामाइन डिटॉक्स करा", "फोन तुमचं डोपामाइन संपवतोय" वगैरे. आमच्या घरात मात्र हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आला. माझे मामा सांगलीत विश्रामबागला राहतात, निवृत्त शिक्षक आहेत. आयुष्यभर फळ्यावर ठसठशीत अक्षर काढलेला हा माणूस, आणि त्यांचं अक्षर हळूहळू इतकं बारीक होत गेलं की बँकेत सही जुळेना. मग उजवा हात थरथरायला लागला. निदान झालं पार्किन्सन, म्हणजे आपले जुने लोक ज्याला कंपवात म्हणतात तो.

मामांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता, "अरे, मेंदूत एवढ्या कोट्यवधी पेशी. मग ह्याच नेमक्या का मरतात?" प्रश्न साधा वाटतो, पण शास्त्रज्ञ शंभर वर्षं त्यावर डोकं लावून बसलेत. पूर्ण उत्तर आजही नाही, पण जेवढं कळलंय तेवढं फार भारी आहे. आजच्या लेखात तेच बघूया.

या पेशी आहेत तरी कुठे?

इंग्लंडमधल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. फक्त सहा माणसांवरून, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यावर दिसलेले. बिघाड नेमका कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळायला १९१९ उजाडलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये त्रेतियाकॉफ नावाच्या तरुण डॉक्टरने प्रबंधात दाखवलं की अशा रुग्णांच्या मेंदूत खाली, मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात, एक काळी पट्टी असते ती फिकी पडलेली असते. या पट्टीचं नावच मुळी 'सबस्टॅन्शिया नायग्रा', म्हणजे काळा पदार्थ.

डोपामाइन बनवणाऱ्या आणि हालचालीसाठी लागणाऱ्या चेतापेशी इथे असतात. मेंदूत एकूण चेतापेशी साधारण ८६०० कोटी. त्यातल्या या काळ्या पट्टीतल्या डोपामाइन पेशी दोन्ही बाजूंच्या मिळून जेमतेम चार ते सहा लाख. म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून जेवढी माणसं राहतात, साधारण तेवढ्याच. आणि एवढ्याशा पेशींवर तुमचं चालणं, शर्टाची बटणं लावणं, टायपिंग, हसताना चेहरा हलणं हे सगळं अवलंबून.

त्यांनी पाठवलेलं डोपामाइन जातं 'स्ट्रायटम' नावाच्या भागात. तिथे कुठली हालचाल सोडायची आणि कुठली दाबून ठेवायची याचा हिशोब होतो. डोपामाइन कमी पडलं की हालचालीला जणू हँडब्रेक लागतो. म्हणून पार्किन्सनमध्ये नुसती थरथर नसते. हालचाली मंदावतात, अंग ताठतं, पावलं लहान पडतात. काही रुग्णांना तर थरथर जवळपास नसतेच, आणि म्हणून निदानाला उशीर होतो.

अजून एक गोष्ट. लक्षणं दिसतात तेव्हा या पेशींचा मोठा वाटा आधीच गेलेला असतो. किती, यावर मतभेद आहेत. जुन्या पुस्तकांत निम्म्याहून जास्त लिहिलेलं असायचं, नंतरच्या मोजणीत सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास आकडा आला, पण सर्वात वाईट मार खाल्लेल्या कोपऱ्यात तो दोन तृतीयांश होता. आजार दिसायच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेला असतो हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

रील्स बघून पार्किन्सन होतो का?

नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मामांच्या आजारानंतर माझ्या मामेभावाने मला पहिला प्रश्न हाच विचारला होता.

काळ्या पट्टीच्या अगदी शेजारी डोपामाइनच्याच पेशींचा दुसरा मोहल्ला आहे, त्याला 'व्हेंट्रल टेगमेंटल एरिया' म्हणतात. बक्षीस, उत्सुकता, "अजून एक व्हिडिओ बघू" ही ओढ, याच्याशी जास्त संबंध या शेजाऱ्यांचा. आणि गंमत बघा, पार्किन्सनमध्ये हे शेजारी बऱ्यापैकी वाचतात. तेच रसायन, तोच कारखाना, मधलं अंतर काही मिलिमीटरचं. तरी एक मोहल्ला ओस पडतो आणि दुसरा टिकतो. म्हणजे "डोपामाइन बनवतात म्हणून मरतात" एवढं उत्तर पुरेसं नाही.

स्क्रोल करत बसल्याने झोपेची वाट लागते, अभ्यासाची लागते, ते वेगळं. पण त्याने डोपामाइनच्या पेशी 'जळतात' असं सांगणारा व्हिडिओ दिसला तर खुशाल पुढे सरका.

म्हैसाळचे पंप आणि मेंदूतल्या पेशी

पहिलं मोठं कारण आहे पसारा. सांगलीकरांना हे पटकन कळेल. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलायचं, टप्प्याटप्प्याने वर चढवायचं आणि कवठेमहांकाळ, जतपर्यंत न्यायचं. पंपहाऊस मोजकी, कालवे लांबच लांब. त्या योजनेचं वीजबिल ही आपल्याकडे कितीदा तरी बातमी झालेली आहे. पंप चांगले असूनही पसाराच एवढा की खर्च झेपत नाही.

डोपामाइनच्या पेशीचं तसंच आहे. प्रत्येक चेतापेशीला एक लांब तंतू असतो, शाळेत आपण 'अक्षतंतू' म्हणून पाठ केला तो. त्याच्या टोकाला फांद्या फुटतात आणि त्या दुसऱ्या पेशींना जाऊन भिडतात. मेंदूतल्या बऱ्याचशा पेशींचे असे सांधे हजारांत मोजायचे असतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये उंदराच्या, म्हणजे घुशीएवढ्या मोठ्या प्रयोगशाळेतल्या उंदराच्या, एकेका डोपामाइन पेशीचा अख्खा तंतू रंगवून मोजला. एकाच पेशीच्या सगळ्या फांद्यांची लांबी मिळून अर्धा मीटरच्या आसपास भरली, एकीची तर ७८ सेंटीमीटर. हा उंदीर स्वतः तेवढा लांब नसतो!

ऑक्सफर्डच्या बोलम आणि पिसाडाकी यांनी पुढे माणसासाठी गणित मांडलं. माणसाच्या एका डोपामाइन पेशीला अंदाजे १० ते २४ लाख सांधे सांभाळावे लागत असणार आणि फांद्यांची लांबी चार मीटरच्या पुढे जात असणार. एक पेशी, चार मीटर वायरिंग. माणसाचं स्ट्रायटम उत्क्रांतीत वाढत गेलं, पण त्याला पाणी पाजणारे पंप त्या प्रमाणात वाढले नाहीत.

एवढ्या फांद्यांमध्ये प्रत्येक संदेशानंतर विजेचा तोल पुन्हा जागेवर आणायचा, टोकापर्यंत माल पोचवायचा, तुटकंफुटकं परत आणायचं. या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ती येते तंतुकणिकांमधून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामधून. शेजारच्या मोहल्ल्यातल्या पेशींचा पसारा कमी असतो असं मानलं जातं. मला विचाराल तर सगळ्या कारणांमध्ये हे कारण सर्वात पटणारं आहे, कारण बाकीची बरीचशी कारणं शेवटी इथेच येऊन मिळतात. ज्याचं बजेट आधीच ओढाताणीचं आहे त्याला छोटा धक्काही पुरतो.

कधीच बंद न होणारं इंजिन

फोनमध्ये एखादं ॲप बॅकग्राउंडला सतत चालू राहिलं की बॅटरी गरम होते, हे आपल्याला माहीत आहे. काळ्या पट्टीतल्या पेशींचं काम तसं चालतं. मेंदूतल्या पुष्कळ पेशी कुणीतरी ढोसलं की मग संदेश सोडतात. या पेशी मात्र आपल्या आपण ठोके देत राहतात, सेकंदाला साधारण दोन ते चार. रात्रंदिवस, हृदयातल्या पेसमेकरसारखं.

इथे एक तांत्रिक खोच आहे. हा ठेका धरताना या पेशी कॅल्शियम आत येऊ देतात, 'एल टाइप' नावाच्या दारांतून. कॅल्शियम म्हणजे दुधातलं तेच, पण पेशीच्या आत ते जास्त झालं की विषासारखं. म्हणून आत आलेलं प्रत्येक कॅल्शियम ऊर्जा खर्चून बाहेर फेकावं लागतं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेम्स सुर्मायर यांच्या गटाने दाखवलं की या कॅल्शियममुळे तंतुकणिकांवर ताण येतो आणि त्यांच्यातून ऑक्सिजनचे त्रासदायक रेणू जास्त निघतात. शेजारच्या मोहल्ल्यातल्या पेशीही ठोके देतात, पण त्यांच्यात कॅल्शियम कमी शिरतं आणि शिरलेलं पकडून ठेवणारं 'कॅलबिंडिन' हे प्रथिन जास्त असतं.

मग साहजिकच विचार आला: ही दारं बंद केली तर? रक्तदाबाची इस्राडिपिन नावाची जुनी गोळी नेमकं हेच करते. डेन्मार्कच्या आरोग्य नोंदींमध्येही असं दिसलं होतं की मेंदूत शिरणाऱ्या अशा जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना पार्किन्सन थोडा कमी होतो. प्राण्यांमध्ये निकाल छान होते. सगळं जुळून आलं होतं. अमेरिकेत ३३६ रुग्णांवर तीन वर्षं चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला आणि फरक शून्य. डोस कमी पडला, की पेशी आधीच गेल्या होत्या, की कल्पनाच अर्धवट होती, यावर वाद आहे. विज्ञानाच्या बातम्यांत 'उंदरांवर यशस्वी' असं वाचलं की मला ही चाचणी आठवते.

चिरलेलं वांगं

कृष्णाकाठचं वांगं चिरून पाण्यात न टाकता तसंच ठेवलं तर काय होतं? काळं पडतं. वांग्यातली काही रसायनं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि काळपट पदार्थ तयार होतो. डोपामाइनची रासायनिक ठेवण त्या रसायनांच्या फार जवळची आहे, कॅटेकॉल कुळातली. पेशीच्या आत डोपामाइन उघड्यावर राहिलं की तेही असंच खराब होतं आणि त्यातून 'क्विनोन' नावाचे रेणू बनतात. हे रेणू समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात आणि ते निकामी करतात. शिवाय डोपामाइन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं.

म्हणून पेशी डोपामाइन छोट्या पिशव्यांमध्ये भरून ठेवते, पाण्यातल्या वांग्यासारखं. भरणारा पंप असतो, त्याचं नाव व्हीमॅट टू. तोही ऊर्जेवर चालतो. ऊर्जा कमी पडली की डोपामाइन सांडतं, सांडलं की नुकसान होतं, नुकसान झालं की ऊर्जा आणखी कमी. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड.

त्या पट्टीचा काळा रंगही यातूनच येतो. खराब झालेलं डोपामाइन, लोह वगैरे गोळा होऊन 'न्यूरोमेलॅनिन' नावाचं काजळीसारखं द्रव्य साठतं. लहान मुलांत ते नसल्यात जमा असतं, वय वाढेल तसं वाढतं. हा कचरा बांधून ठेवणारा चांगला डबा आहे की भरून फुटणारा डबा, हा प्रश्न होता. प्रयोगशाळेतल्या उंदरांत ते जवळपास नसतंच, त्यामुळे तपासणार कसं? बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांच्या या पेशींना मुद्दाम न्यूरोमेलॅनिन बनवायला लावलं. ठरावीक पातळीपर्यंत काही झालं नाही, पण ती ओलांडल्यावर उंदरांत पार्किन्सनसारखे बदल दिसायला लागले.

१९८२ ची ती विषारी नशा

आता ज्या घटनेने या विषयाला कलाटणी दिली ती सांगतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं दवाखान्यात आली. अंग दगडासारखं ताठ, बोलता येत नाही, हलता येत नाही. थेट शेवटच्या टप्प्यातल्या पार्किन्सनसारखी, तीही काही दिवसांत झालेली अवस्था. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की त्यांनी घरगुती प्रयोगशाळेत बनवलेली नकली हेरॉइन टोचून घेतली होती आणि बनवताना चूक होऊन तिच्यात 'एमपीटीपी' हे रसायन तयार झालं होतं.

हे रसायन मेंदूत जाऊन रूप बदलतं. मग डोपामाइन पेशी त्याला आपलाच माल समजून, डोपामाइन परत आत घ्यायच्या दारातून, ओढून घेतात. दुसऱ्या पेशींना ते दारच नसतं. आत गेल्यावर ते तंतुकणिकांमधलं ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतलं पहिलंच यंत्र, 'कॉम्प्लेक्स वन', बंद पाडतं. पुढे लंडनच्या संशोधकांना साध्या, नशा न केलेल्या पार्किन्सन रुग्णांच्या काळ्या पट्टीतही हेच यंत्र मंद चालताना दिसलं. ऊर्जेची गोष्ट पुन्हा इथे आली.

आता थोडं आपल्या भागाबद्दल. विश्रामबागेतून बाहेर पडून तासगावच्या बाजूला गेलात की द्राक्षबागा सुरू होतात आणि हंगामात फवारणीचा वास. पॅराक्वॅट हे तणनाशक रचनेने त्या एमपीटीपीपासून बनणाऱ्या विषाचं भावंडच आहे. रोटेनोन हे कीटकनाशक कॉम्प्लेक्स वनच बंद पाडतं. अमेरिकेत शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांवर झालेल्या, २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात ही दोन रसायनं वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. युरोपीय संघात पॅराक्वॅट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे ते विकलं जातं.

याचा अर्थ फवारणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन होणार असा नाही, आणि मामांनी आयुष्यात कधी फवारा हातात धरलेला नाही. पण तुमच्या घरात कोणी उघड्या हाताने, तोंडाला नुसता रुमाल बांधून औषध कालवत असेल तर हातमोजे आणि नीट मास्क आणून द्या. दोनशे-चारशे रुपयांचं काम आहे.

कचरा उचलणारी गाडी

१९१२ साली फ्रिट्झ लेवी यांना रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत गोल गोळे दिसले होते. ते कशाचे हे १९९७ मध्ये कळलं: 'अल्फा सिन्युक्लिन' या प्रथिनाचे. हे प्रथिन निरोगी माणसातही असतं, सांध्यांच्या टोकाशी. वाकडी घडी पडली की ते एकमेकांना चिकटतं आणि गोळे होतात. ज्या पेशीला लाखो सांधे तिच्यात हे प्रथिनही सगळीकडे पसरलेलं, म्हणजे घडी चुकायची संधीही जास्त.

पेशीत साफसफाईची सोय असते. लयकारिका खराब प्रथिनं पचवतात. बिघडलेल्या तंतुकणिका भंगारात काढायचं काम 'पिंक वन' आणि 'पार्किन' ही दोन प्रथिनं करतात. पहिलं खूण करतं, दुसरं उचलायला लावतं. ही दोन बनवणाऱ्या जनुकांत दोष असेल तर पार्किन्सन तिशी-चाळिशीत, कधी त्याआधीही होतो. पार्किनचं जनुक जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधलं ते अशाच तरुण रुग्णांमुळे. पण हे थोड्या कुटुंबांत. बहुतेक रुग्णांत असा एकच जनुकीय दोष सापडत नाही. मामेभावाला मी हेच सांगितलं: वडिलांना उतारवयात झाला म्हणून मुलाला होणारच, असं नाही. धोका थोडा वाढतो, बस्स.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी की मरतात त्या फक्त डोपामाइनच्या पेशी नाहीत. वास, आतडी, झोप यांच्याशी संबंधित पेशींमध्येही हे गोळे दिसतात, आणि कित्येकांत आधी तिथेच. म्हणून अनेक रुग्णांत हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास कमी येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं हे सुरू झालेलं असतं. यातलं एखादं असलं म्हणून घाबरू नका, बद्धकोष्ठता तर अर्ध्या गावाला असते.

मुंबईच्या कॉलन्या आणि बेंगळुरूचे मेंदू

या विषयातलं एक गाजलेलं काम आपल्या मुंबईत झालंय. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी कॉलन्यांमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. १४,०१० माणसांमध्ये ४६ जणांना पार्किन्सन निघाला, म्हणजे लाखामागे ३२८. हे १९८८ मध्ये छापून आलं. बाकीच्या भारतीय पाहण्यांतला आकडा यापेक्षा बराच कमी आहे. पारशी समाजात वयस्कर माणसांचं प्रमाण फार मोठं आहे, हे त्यामागचं एक उघड कारण. वय हाच पार्किन्सनचा सर्वात मोठा धोका, आणि वर सांगितलेली सगळी यंत्रणा वयानुसार थकते.

दुसरं काम बेंगळुरूच्या निम्हान्सचं, १९९८ चं. अपघातात वगैरे गेलेल्या निरोगी भारतीयांच्या मेंदूतल्या काळ्या पेशी मोजल्या. त्या ब्रिटिश मेंदूंच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि वयाप्रमाणे त्या कमीही होत नव्हत्या! पेशी कमी म्हणजे पार्किन्सन जास्त हवा होता, पण भारतात तो जास्त आहे असं दिसत नाही. याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. म्हणजे नुसती संख्या महत्त्वाची नाही. कुठल्या पेशी, हेही बघावं लागतं. २०२२ मध्ये अमेरिकेत एकेका पेशीची जनुकं वाचून माणसाच्या काळ्या पट्टीतल्या डोपामाइन पेशींचे दहा प्रकार वेगळे केले गेले. त्यातला एकच प्रकार पार्किन्सनमध्ये सर्वात जास्त उद्ध्वस्त झालेला दिसला.

फोन काय ओळखू शकतो?

टेक वाचकांसाठी हा भाग. पार्किन्सनची थरथर साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होते, आणि ती हात मांडीवर निवांत असताना जास्त. फोनमधला ॲक्सेलरोमीटर सेकंदाला शंभर वेळा मोजू शकतो, त्याला हे सहज पकडता येतं. २०१५ मध्ये आयफोनवर 'एमपॉवर' नावाचं संशोधनाचं ॲप आलं होतं, त्यात हजारो लोकांनी चालणं, आवाज, बोटांची टकटक यांची नोंद दिली. कीबोर्डवर बटण किती वेळ दाबलेलं राहतं यावरून सुरुवातीचा पार्किन्सन ओळखायचा प्रयोगही झालाय.

पण निदान फोन करत नाही. थरथर थायरॉइडने, काही औषधांनी, घराण्यातल्या साध्या कंपानेही होते. फोनचा खरा उपयोग मला वेगळा वाटतो. मामांच्या गोळीचा असर कधी सुरू होतो, कधी उतरतो याचे छोटे व्हिडिओ मामेभाऊ वेळ टाकून काढतो आणि डॉक्टरांना दाखवतो. तपासणीच्या दहा मिनिटांत जे दिसत नाही ते त्यात दिसतं. गोळ्यांच्या वेळांचे अलार्म तर आहेतच.

कवचबीजाचं काय?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल: "कंपवाताच्या गोळ्या बंद करा, कवचबीज घ्या." अर्धी गोष्ट खरी आहे. खाजकुयलीच्या बियांमध्ये खरोखर लेव्होडोपा असतं, तेच जे गोळीत असतं आणि ज्याचं मेंदूत डोपामाइन बनतं. भारतीय रसायनशास्त्रज्ञ दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ते या बियांतून वेगळं केलं होतं. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर त्याचा अभ्यास छापला.

पण कुठल्या पुडीत किती लेव्होडोपा आहे हे ठरलेलं नसतं. गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाया जाऊ देत नाही आणि मळमळ कमी करतं. पुडीत ते नसतं. गोळी चालू असताना वरून पूड घेतली तर डोस दुप्पट होऊ शकतो, आणि गोळी अचानक बंद केली तर अंग ताठून, ताप चढून जीवावर बेतू शकतं. घ्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगून. मामांच्या घरी एका नातेवाइकांनी पुडी आणून दिली होती. ती डॉक्टरांना दाखवली आणि मग कपाटातच राहिली.

"गोळी लवकर सुरू केली तर उरलेल्या पेशी लवकर मरतात" हीसुद्धा लोकांची भीती असते. डोपामाइन खराब होऊन त्रास देतं हे वर वाचल्यावर तुम्हालाही ती शंका आली असेल. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर हे तपासलं गेलं, निम्म्यांना गोळी लगेच, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. २०१९ चा निकाल: लवकर घेतल्याने आजार मंदावला नाही आणि वाढलाही नाही. त्यामुळे त्रास सहन करत थांबण्यात काही मिळत नाही.

नवीन पेशी बसवता येतील का?

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण बाहेरून बसवायचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून चालू आहेत. २००८ मध्ये एक धक्का बसला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेल्या तरुण पेशींमध्येही तेच अल्फा सिन्युक्लिनचे गोळे सापडले. म्हणजे आजार जुन्या पेशींकडून नव्यांकडे पसरत असावा. बऱ्याचशा पेशी मात्र तोवर काम करत होत्या.

एप्रिल २०२५ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल एकत्र आले. जपानमध्ये क्योटोला सात रुग्णांत आणि अमेरिका-कॅनडात बारा रुग्णांत, मूळपेशींपासून वाढवलेल्या डोपामाइन पेशी मेंदूत सोडल्या होत्या. मोठा दुष्परिणाम दिसला नाही, स्कॅनमध्ये डोपामाइन बनत असल्याच्या खुणा दिसल्या, काहींची हालचालही सुधारली. रुग्ण फारच थोडे आणि तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे एवढ्यावरून हा उपचार सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. 'स्टेम सेलने पार्किन्सन बरा' अशी जाहिरात करून लाखो रुपये मागणारं कोणी भेटलं तर त्यांना एवढंच विचारा, कुठल्या चाचणीत नोंद आहे? खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे लाखो रुपये मागत नाहीत, आणि चाचणीची नोंद सरकारी यादीत कुणालाही बघता येते.